पाय हलले की पहिल्यापासून

आमच्या घरी विसरण्याचे दोन प्रकार होते, चालणारं आणि न चालणारं. दूध उतू गेलं, छत्री शाळेत राहिली, मामीला वाढदिवसाचा फोन करायचा राहिला, हे सगळं चालून जायचं. न चालणारं विसरणं एकच होतं आणि ते पप्पांच्या प्रार्थनेतलं होतं.

आम्ही बेने इस्राएल. रायगडातल्या जुन्या माणसांना 'शनवार तेली' म्हटलं की अजून कळतं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते. आमचं घर कर्जतला आलं ते मात्र घाण्यामुळे नाही, रेल्वेमुळे. पप्पा मालगाडीवर गार्ड होते. घाट चढायचा म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, ब्रेक तपासतात आणि मगच गाडी सुटते, हे मला पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. पप्पांच्या बोलण्यात दोनच नियमावल्या असत, एक रेल्वेची आणि एक देवाची. कधीकधी कुठलं कलम कुठलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आमच्यात दिवसातून तीनदा एक प्रार्थना उभ्याने म्हणतात. पाय जुळवून, ओठांतल्या ओठांत, मधे कुणाशी न बोलता. रोज तीच. पण महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि काही सणांना तिच्या मधोमध एक जादा परिच्छेद येतो. 'यआले वेयावो' अशी त्याची सुरुवात. आमची आठवण, आमच्या वाडवडिलांची आठवण वर चढो, येवो, पोचो, दिसो, रुचो, ऐकली जावो, ध्यानी येवो, आठवली जावो. आठच्या आठ क्रियापदं एकामागोमाग एक. पप्पा ती एका दमात म्हणायचे. "घाट आला की मागे जादा इंजिन," ते सांगायचे, "महिना लागला की मधे जादा परिच्छेद. न जोडता निघालं तर गाडी वर चढत नाही."

आणि तो परिच्छेद विसरला तर? इथे नियम सुरू होतात. प्रार्थनेत उभे असतानाच आठवलं तर थोडं मागे जाऊन तिथून पुढे म्हणायचं. शेवटी तीन पावलं मागे सरकतात, ती सरकली असतील तर मात्र सुटका नाही. पाय हलले की पहिल्यापासून. हनुक्का या दिव्यांच्या सणाची जादा ओळ विसरली तर चालतं. पावसाचा उल्लेख हिवाळ्यात विसरला तर चालत नाही, कारण हे सगळं मूळ यरुशलेमकडच्या ऋतूंप्रमाणे. त्यामुळे इकडे उल्हास नदी दुथडी भरून वाहत असताना आम्ही देवाकडे दंव मागतो. यावरून आई पप्पांना आयुष्यभर चिडवत आली. "गुडघाभर पाण्यात उभं राहून दंव काय मागताय?" पप्पा म्हणायचे, "वेळापत्रक मी करत नाही."

महिन्याच्या पहिल्या दिवसाला आणखी एक सवलत होती. आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत परिच्छेद राहिला तर परत म्हणावं लागत नाही, सकाळी राहिला तर लागतं. लहानपणी मला हा सरळसरळ अन्याय वाटायचा. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा पप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. फार पूर्वी, म्हणाले, महिना कॅलेंडर बघून लागत नसे. ज्यांनी नवी चंद्रकोर पाहिली ते साक्षीदार येत, न्यायालय त्यांना एकेकट्याला आत बोलावून विचारी, कोर कुठे होती, टोकं कुठल्या बाजूला होती. जबान्या जुळल्या की महिना लागल्याचं जाहीर करत. हे काम दिवसाच होई. म्हणून रात्रीच्या चुकीला माफी.

"मी चंद्र पाहिला असता तर मला आत घेतलं असतं?" मी विचारलं.

"तुला घेतलं असतं. पण मी आणि तू मिळून गेलो असतो तर नाही. नात्यातल्यांची एकमेकांना जोडून साक्ष धरत नाहीत. मायेने माणसाचे कान फितूर होतात."

अगदी कलमावर बोट ठेवलं तर तिथे बायकांचीही साक्ष चालत नसे, हे मी मोठी झाल्यावर वाचलं. पप्पांनी ते मला कधी सांगितलं नाही. यासाठी मी त्यांना दहा गोष्टी माफ केल्या आहेत.

आता पप्पा ब्याऐंशीचे आहेत. आई जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ इस्रायलला असतो. मी लग्न केलं नाही आणि त्याचं कारण इथे सांगत बसणार नाही. खालापूरच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. सकाळी सातची एसटी, चौकला उतरून दुसरी गाडी. घरात तिसरं माणूस म्हणजे मावशी. कशेळे रस्त्यावरच्या एका गावातून त्या पहिल्या जीपने येतात, साडेसहाला आमच्या दारात. केर, लादी, भाकऱ्या आणि मी शाळेत असेपर्यंत पप्पांची सोबत. पंधरा वर्षं झाली. आमच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत, एक सगळ्यांच्या घरात असतं ते आणि एक आमच्या सणांचं. मावशींना दुसऱ्याची कधीच गरज पडली नाही. "आवस झाली ना ताई, आता बाबांची लांबडी पूजा," त्या म्हणायच्या. त्यांचा महिना अमावास्येनंतर लागतो आणि आमचाही. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पप्पांचंच काहीतरी चुकलंय असं मावशी धरून चालत.

पप्पांचं विसरणं सुरू झालं ते चालणाऱ्या विसरण्यापासून. चष्मा, गोळ्या, नळ. त्याला मी हसत होते आणि तेही हसत होते. मग एका महिन्याच्या पहिल्या सकाळी मी डबा भरत होते, तर पप्पा पश्चिमेच्या खिडकीपाशी प्रार्थना संपवून तीन पावलं मागे आले आणि तिथेच थबकले. आमच्याकडून यरुशलेम पश्चिमेला, त्यामुळे आमची प्रार्थना माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून होते. ते डोंगराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी ते म्हटलं का गं?"

"मला काय माहीत, पप्पा? तुम्ही मनात म्हणता."

"मनात नाही, ओठांत." आणि ते पुन्हा तीन पावलं पुढे गेले.

शंका आली की म्हटलं नाही असं धरायचं, हा नियम. ब्रेकलाही तोच नियम, तपासला की नाही आठवत नसेल तर तपासला नाही. त्या सकाळी त्यांनी ती प्रार्थना तीनदा म्हटली. त्या दिवशी वर एक जादा प्रार्थना असतेच, तीही उभ्यानेच. संपेपर्यंत त्यांचे पाय घोट्यापाशी सुजून सपातांत मावेनात. माझी एसटी चुकली ती वेगळीच.

डॉक्टरांनी सांगितलं, इतका वेळ उभं राहायचं नाही, बसून म्हणा. म्हाताऱ्या, आजारी माणसाला बसून म्हणायची मुभा आमच्या कायद्यातही आहे, मी पुस्तक उघडून त्यांना दाखवलं. पप्पांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "गार्ड बसून गाडी सोडत नाही." पनवेलच्या मशिदीत, सिनगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात, तिथे दहा पुरुष जमले तर आणखी एक सोय आहे. पुढे उभा राहून म्हणणारा सगळी प्रार्थना मोठ्याने पुन्हा म्हणतो, विसरलेल्याने ती कान देऊन ऐकली की त्याचं भागतं. पण कामाच्या दिवशी सकाळी दहा माणसं आणायची कुठून, आणि पप्पांना तिथवर न्यायचं कसं? घरात एकट्याला त्याचं स्वतःचंच तोंड आणि स्वतःचेच कान.

पुढच्या महिन्यात ते मागे सरकून वळले आणि विचारलं, "म्हटलं का गं?" तेव्हा मी पिशवी खांद्याला लावत होते.

"म्हटलंत. मी ऐकलं," मी म्हणाले.

मी ऐकलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

पप्पांचा चेहरा असा सैल झाला की मला स्वतःचं कौतुकच वाटलं. ते खुर्चीत बसले, पाय वर घेतले. मी एसटी गाठली. चौकपर्यंत वाटेत मनाला समजावत गेले की देवाला काय, एका परिच्छेदाचं काय ते, पाय बघितलेस ना त्यांचे. हे समजावणं इतकं सोपं गेलं, तिथेच मला संशय यायला हवा होता. गणिताच्या बाईला उत्तर लगेच आलं की ती ताळा करून बघते. मी केला नाही.

मग ते अंगवळणीच पडलं. महिना लागला की पप्पा विचारणार, मी सांगणार. आता लाज वाटते ती याची की पाय हे निम्मंच कारण होतं. उरलेलं निम्मं सातची एसटी. आणि पप्पा माझ्यावर इतके विसंबले की स्वतः आठवायचा प्रयत्नही करेनासे झाले. आधी मागे सरकल्यावर थांबून, डोळे मिटून शोधायचे तरी. आता सरळ माझ्याकडे वळायचे. नात्यातल्यांची साक्ष धरत नाहीत म्हणणारा माणूस माझ्या एका शब्दावर देवाशी व्यवहार पुरा करत होता.

मार्गशीर्षात हे फुटलं. त्या दिवशी मावशी जरा लवकर आल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत लादी पुसत होत्या. पप्पांनी विचारलं, मी नेहमीचं म्हणाले, "म्हटलंत, मी ऐकलं." मावशींनी फडकं बादलीत पिळलं आणि वर न बघता सहज बोलून गेल्या, "नाय ओ ताई. आज ते बोललंच नाय बाबा. ते आगगाडीवानी सुटतंय ते. मागल्या बारीला पण नाय बोललं."



मला मावशींचा असा राग आला की काय सांगू. चौदा वर्षांत त्यांना कधी टाकून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "तुम्हाला काय कळतं त्यातलं, मावशी? तुमचं काम करा ना."

"माला काय कळतंय त्यातलं," मावशी म्हणाल्या, अजिबात न रागावता. "पन कान हायेत ना. चौदा वरसं ऐकतेय. रोज नसतंय, आवशीनंतर असतंय. भडाभडा जातंय नि मंग बाबा श्वास घेतात."

पप्पांचे कान गेल्यापासून त्यांची कुजबूज सगळ्या घराला ऐकू जाते, हे त्यांचं त्यांना ठाऊक नाही. ती मलाही ऐकू आलीच असती. ऐकली असती तर.

पप्पा माझ्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी हळूच विचारलं, "किती महिने?"

खोटं बोलायची तीही एक संधी होती. पण मावशी समोर होत्या. "गणपतीच्या आधीपासून," मी म्हणाले.

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मधे आमचा नवीन वर्षाचा सण येऊन गेला होता, खिरीचा सण येऊन गेला होता. चुकून प्रार्थना राहिली तर लगेच पुढच्या वेळेला ती दोनदा म्हणून भरून काढता येते. त्यापलीकडचं भरून काढता येत नाही, ते गेलंच. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. आजवर मी पुष्कळ चुका केल्या, पण दुरुस्त न होणारी वस्तू मोडल्यासारखं मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, तेही दुसऱ्याची.

"पप्पा, तुमचे पाय..."

"पाय माझे आहेत," ते म्हणाले.  मग म्हणाले, "मला वाटायचं, सगळं जाईल पण हे एक नीट चाललंय. हिचे कान आहेत म्हणून."

ते तीन पावलं पुढे गेले, पाय जुळवले आणि पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी जरा मोठ्याने. घरच्यांना शिकवायचं असेल तर घरात मोठ्याने म्हणायलाही मुभा आहे, तीच त्यांनी घेतली असावी. मावशी फडकं हातात धरून उंबऱ्यात बसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. आठ क्रियापदं आली, गेली, पप्पांनी श्वास घेतला. शेवटी मागे सरकून ते वळले, माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे.

"आता बोललात," मावशी म्हणाल्या. "आता च्या ठेवते."

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. दुपारी पप्पांना विचारलं की मावशींचं कसं धरलंत, त्या तर आपल्यातल्याही नाहीत. माझ्या आवाजात कडवटपणा होता, कबूल करते. पप्पा म्हणाले, "कायद्यात सहज बोलणाऱ्याचं काही वेळा धरतात. आपण साक्ष देतोय हे ज्याला माहीतच नसतं, त्याचं. त्याला कुणाला खूश करायचं नसतं." मग माझ्या हातावर हात ठेवला. "तू मला खूश करत होतीस गं. वाईट नाही ते. पण साक्ष नव्हे."

संध्याकाळी मी मावशींची माफी मागितली. "तुमचंच घर हाय, बोलनारच," त्या म्हणाल्या आणि निघताना वाटीभर वालाची उसळ घेऊन गेल्या. त्यांच्या हिशेबी मिटलं. माझ्या हिशेबी मिटायला वेळ लागला.

त्यानंतरच्या महिन्यापासून मी पप्पांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, ओळीवर बोट. सातची एसटी सोडली, साडेसातची धरली. मुख्याध्यापकांनी दोनदा ऐकवलं, मी दोनदा ऐकून घेतलं. पुढच्या मे महिन्यात निवृत्तच झाले. परिच्छेद जवळ आला की मी बोटाने स्टुलाच्या कडेवर टकटक करायचे. पप्पांना कमी ऐकू येतं, पण लाकडी स्टुलातून ती टकटक त्यांच्या पायापर्यंत जात असावी, कारण ते कधी चुकले नाहीत. मागे सरकल्यावर विचारायचे मात्र मावशींनाच. रोजचं असल्यासारखं, पण मावशींना. मी समोर बसलेली असून. मला ते लागायचं. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं तोंड मी ठेवलं नव्हतं.

ही गोष्ट मी लिहायला घेतली ती गेल्या महिन्यातल्या एका सकाळमुळे. मावशींच्या नातीचं लग्न होतं, त्या चार दिवस येणार नव्हत्या. पप्पांचं आता फार पुढे गेलंय. प्रार्थना जिभेवर आहे, प्रार्थनेचे चामडी पट्टे हाताला बरोबर गुंडाळतात, पण इतर गोष्टी येतात आणि जातात. त्या सकाळी उठल्यापासून ते माझ्याशी अदबीने बोलत होते. पाणी दिलं तर "आभारी आहे" म्हणाले. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मी स्टुलावर बसले. ते खिडकीशी उभे राहिले, पाय जुळवले, सुरू झाले. परिच्छेदाच्या जागी आले तेव्हा मी टकटक केली. ते थांबले. पुढे सरकेनात. ओठ उघडे, शब्द नाही. मी वाट पाहिली, मग हलक्या आवाजात म्हणाले, "यआले वेयावो." त्यांनी माझ्या तोंडचा शब्द उचलला आणि निघाले. तिसऱ्या क्रियापदाशी अडखळले, मागे आले, पुन्हा धरलं. मग आठही झाली. त्यांनी श्वास घेतला. मीही घेतला. इतकं कान देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

प्रार्थना संपली. तीन पावलं मागे. ते वळले आणि उंबऱ्याकडे बघितलं. उंबरा रिकामा होता. त्यांचा चेहरा गोंधळला. मग नजर फिरत माझ्यावर आली आणि तिथे थांबली. त्यांनी मला नीट न्याहाळलं, जसं प्रवासात समोर बसलेल्या माणसाला न्याहाळतात.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो."

"मी ते म्हटलं का? तुम्ही आमच्या नात्यातल्या नाही, म्हणून विचारतो. घरची माणसं बरं वाटावं म्हणून सांगतात."

माझ्या घशाशी 'पप्पा' आलं होतं. ते मी तिथेच ठेवलं.

"म्हटलंत," मी म्हणाले. "पहिला शब्द मी सांगितला. तिसऱ्यापाशी अडखळलात, मागे येऊन पुन्हा म्हटलंत. मग शेवटपर्यंत नीट."

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. मी त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले, त्यांनी ठेवू दिले.